‘ॲप’मधला ॲ : वर्ध्याची बाराखडी आणि कस्टम ॲट्रिब्यूटची गोष्ट

हा आजच्या भागाचा लेखी उतारा. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी, आणि ऐकताना कोडमधली नावं निसटली असतील त्यांच्यासाठीही. बोलताना अडखळलो होतो ते काढलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

विषय ऐकायला कोरडा वाटेल. मोबाइल ॲपच्या स्क्रीनवर बटण, मजकुराची चौकट, यादी असे घटक दिसतात. त्यांना कंपनीनं दिलेले गुणधर्म असतात: रंग, रुंदी, अक्षराचा आकार. पण आपल्याला हवा तो गुणधर्म त्या यादीत नसेल तर? तर तो आपणच तयार करायचा. याला अँड्रॉइडवाले कस्टम ॲट्रिब्यूट म्हणतात. मी रोज हेच काम करतो, म्हणून याचा इतिहास सांगावासा वाटला. आणि तो मी अमेरिकेतून नाही, वर्ध्यातून सुरू करणार आहे. १९३५ सालापासून. थोडा धीर धरा, का ते कळेल.

गावाच्या नावातला कंस

आधी एक छोटी गोष्ट. माझं गाव सावंगी (मेघे). वर्ध्याला अगदी लागून. मेडिकल कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांमुळे विदर्भात बऱ्याच जणांना माहीत असतं. बाहेरचे लोक विचारतात, हे कंसातलं ‘मेघे’ काय आहे? उत्तर सोपं आहे. विदर्भात सावंग्या पुष्कळ. नुसतं ‘सावंगी’ म्हटलं तर टपाल कुठे जाईल याचा नेम नाही. आमच्याच जिल्ह्यात सिंदी दोन आहेत: एक वर्ध्याजवळची सिंदी (मेघे) आणि दुसरी सेलू तालुक्यातली सिंदी (रेल्वे). नाव एकच, कंस वेगळा. कंस विसरलात तर भलत्याच गावात उतराल.

सॉफ्टवेअरमध्ये याला नेमस्पेस म्हणतात. अँड्रॉइडच्या एक्सएमएल फाइलमध्ये गुणधर्माच्या आधी ‘अँड्रॉइड’ असा उपसर्ग असेल तर तो गूगलनं दिलेला गुणधर्म. ‘ॲप’ असा उपसर्ग असेल तर तो आपण किंवा आपण घेतलेल्या एखाद्या लायब्ररीनं जाहीर केलेला. हा कंस लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अ ला वेलांटी

आता १९३५. इंदूरला हिंदी साहित्य संमेलनाचं अधिवेशन, अध्यक्ष गांधीजी. तिथे नागरी लिपी सुधारण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिची धुरा काका कालेलकरांकडे आली. कालेलकर मूळचे साताऱ्याचे, मराठी माणूस, पण गुजरातीत असं लिहायचे की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. त्या काळात गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात होता, मग १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. त्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती सुरू झाली.

प्रश्न काय होता? देवनागरी छापायला शेकडो खिळे लागायचे. टाइपरायटरवर ती नीट बसेना. इंग्रजीची अक्षरं मोजकी, आपल्याकडे स्वर वेगळे, मात्रा वेगळ्या, जोडाक्षरं वेगळी. मग सुधारकांनी एक साधा प्रश्न विचारला. आपण ‘आ’ कसा लिहितो? अ ला काना. ‘ओ’ कसा? अ ला काना-मात्रा. ‘औ’, ‘अं’, ‘अः’ हेही अ वरच. मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांनीच काय घोडं मारलंय? त्यांना स्वतंत्र अक्षर कशाला? अ ला वेलांटी द्या: अि. अ ला उकार द्या: अु. अ ला मात्रा द्या: अे. क ची बाराखडी असते तशी अ चीही बाराखडी. सहा अक्षरं एका झटक्यात कमी.

ही कल्पना एकट्या कालेलकरांची नव्हती. सावरकर रत्नागिरीत असताना लिपीशुद्धीच्या चळवळीत हेच सांगत होते. एरवी ज्या दोन गटांचं फारसं पटत नव्हतं, त्यांचं या एका मुद्द्यावर एकमत होतं. ही गोष्ट मला फार मजेशीर वाटते.

इंजिनिअरच्या नजरेनं बघा. जुन्या पद्धतीत इ, उ, ए हे वेगवेगळे घटक आहेत. नव्या पद्धतीत घटक एकच, अ, आणि मात्रा हे त्याचे गुणधर्म. गुणधर्म कोणकोणते चालतील याची यादी आधीच ठरलेली. अँड्रॉइडमध्ये अशा ठरीव यादीच्या गुणधर्माला ‘एनम’ म्हणतात. कोणी मला कोड तपासायला दिला आणि त्यात एकाच कामाचे सात वेगळे क्लास दिसले, तर मी पहिल्यांदा हेच सुचवीन: एक क्लास ठेव, बाकीचं ॲट्रिब्यूट कर. म्हणजे डिझाइन म्हणून ही सुधारणा उत्तम होती.

वर्ध्याच्या समितीनं ती आपल्या पाठ्यपुस्तकांत वापरलीसुद्धा. आमच्या आबाजींनी समितीच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यांच्या ट्रंकेत एक जुनं पुस्तक होतं, त्यात ‘अिस’, ‘अुस’, ‘अेक’ असं छापलेलं. शाळेत असताना मी म्हटलं, आबाजी, हे चुकीचं छापलंय. ते म्हणाले, “आम्हाले असंच शिकवलं होतं बाप्पा. तुले काहून चूक वाटते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तर्कानं बघितलं तर ते चूक नव्हतंच. फक्त माझ्या डोळ्यांना वाचायची सवय नव्हती.

पुढे काय झालं? १९४७ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारनं आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं अ ची बाराखडी नाकारली. इकडे पवनारला विनोबा लिपीचा विचार करतच राहिले. त्यांच्या ‘लोकनागरी’त जोडाक्षरं फोडून हलन्त चिन्हानं लिहायची पद्धत होती. त्यांच्याच प्रेरणेनं १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद स्थापन झाली. पण अि, अु, अे काही शाळेच्या फळ्यावर टिकले नाहीत.

जाहीर करणं आणि वाचणं

आता कस्टम ॲट्रिब्यूट प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. मग वरच्या गोष्टीचा धागा जुळेल.

यात दोन पायऱ्या असतात. पहिली, जाहीर करणं. प्रोजेक्टच्या ‘व्हॅल्यूज’ फोल्डरमध्ये ‘ॲटर्स’ नावाची एक्सएमएल फाइल असते. तिच्यात ‘डिक्लेअर-स्टाइलेबल’ असा टॅग लिहून आपल्या घटकाचं नाव द्यायचं आणि आत एकेक गुणधर्म लिहायचा: नाव आणि प्रकार. प्रकार म्हणजे हा मजकूर आहे, रंग आहे, माप आहे, हो-नाही आहे, की ठरीव यादीतला पर्याय आहे. एवढं केलं की लेआउट फाइलमध्ये तो ‘ॲप’ उपसर्गानं वापरता येतो.

दुसरी पायरी, वाचणं. घटकाच्या क्लासमध्ये, तो तयार होताना, आपल्याला सगळ्या गुणधर्मांचा गठ्ठा मिळतो. त्याला ‘ॲट्रिब्यूटसेट’ म्हणतात. ‘ऑब्टेन-स्टाइल्ड-ॲट्रिब्यूट्स’ या फंक्शननं त्यातून आपल्याला हवी ती मूल्यं काढायची. थेट गठ्ठ्यातून काढली तर थीम आणि स्टाइल लागू होत नाहीत, म्हणून या फंक्शनमधूनच जायचं. मूल्य दिलेलं नसेल तर काय धरायचं तेही तिथेच सांगायचं. आणि काम झालं की तो ‘टाइप्डॲरे’ परत करायचा, म्हणजे ‘रीसायकल’ म्हणायचं.

गोम दुसऱ्या पायरीत आहे. गुणधर्म कुठेच जाहीर नसेल तर बिल्ड होताना एरर येतो, म्हणजे कळतं तरी. पण गुणधर्म जाहीर आहे, आणि तुम्ही तो अशा घटकावर लिहिला जो तो वाचतच नाही, तर? काहीही होत नाही. एरर नाही, इशारा नाही, ॲप बंद पडत नाही. तुमचं म्हणणं नुसतं दुर्लक्षिलं जातं.

अ च्या बाराखडीचं नेमकं हेच झालं. पहिली पायरी चोख पार पडली: समिती, ठराव, छापील पुस्तकं. पण वाचणारा घटक म्हणजे कोट्यवधी डोळे, शिक्षक, वर्तमानपत्रं, न्यायालयाचे कारकून. त्यांच्यात ‘अि’ वाचायचा कोड कोणी घातलाच नाही.

मराठी ॲपचं पहिलं कस्टम ॲट्रिब्यूट

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला. कस्टम ॲट्रिब्यूटची सोय सुरुवातीपासून होती. पण मराठी ॲप करणाऱ्यांना तिची गरज सगळ्यात आधी कशासाठी पडली असेल? फॉन्टसाठी.

सुरुवातीच्या बऱ्याच फोनवर देवनागरी दिसायचीच नाही. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग. अँड्रॉइड ४ च्या पिढीत, २०११-१२ च्या सुमारास, परिस्थिती सुधारली. मराठी भाषा फोनच्या सेटिंगमध्ये निवडता यायला तर २०१४ चा लॉलिपॉप यावा लागला. तोपर्यंत लोकांनी जुगाड केले. कोणी मजकुराची चित्रं करून टाकली. कोणी डीटीपीच्या काळातले जुने फॉन्ट ॲपमध्ये भरले, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या कोडवर मराठी आकार बसवलेले असायचे. आणि ज्यांनी युनिकोड फॉन्ट भरला, त्यांना एक्सएमएलमध्ये तो लावायची सोयच नव्हती. २०१२ मध्ये ‘फॉन्टफॅमिली’ हा गुणधर्म आला, पण तो फोनमधल्याच फॉन्टपुरता. आपला फॉन्ट लावायचा तर प्रत्येक मजकुराच्या चौकटीला कोडमधून सांगावं लागे. एका स्क्रीनवर वीस चौकटी, म्हणजे वीस वेळा तेच.

मग रूढ झालेला उपाय असा: मूळ टेक्स्टव्ह्यूवरून आपला एक घटक करायचा, ‘ॲटर्स’मध्ये ‘फॉन्टनाव’ असा गुणधर्म जाहीर करायचा, तो वाचून फॉन्ट लावायचा. जगभर लोक हेच करत होते. इंग्रजीवाल्यांना ते शोभेसाठी हवं होतं, आपल्याला अक्षर दिसण्यासाठी.

इथेच तो कंस आठवा. एकाच ॲपमध्ये दोन लायब्रऱ्या आल्या आणि दोघींनी ‘फॉन्टनाव’ हाच गुणधर्म जाहीर केला, एकीनं मजकूर म्हणून, दुसरीनं रेफरन्स म्हणून, तर बिल्ड अडतो. कारण ‘ॲप’ उपसर्गाखाली सगळ्यांचे गुणधर्म एकाच पोत्यात भरले जातात. म्हणून शहाणे लोक नावाआधी आपली खूण लावतात. सिंदी (मेघे), सिंदी (रेल्वे). आमच्या गाववाल्यांना हे शिकवावं लागत नाही.

२०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आला आणि फॉन्ट ही एक्सएमएलमधून थेट लावायची गोष्ट झाली. सपोर्ट लायब्ररीमुळे ४.१ पर्यंतच्या जुन्या फोनवरही. हजारो ॲपमधला तो हातानं केलेला गुणधर्म एका दिवसात अनावश्यक ठरला. कस्टम गोष्टीचं भाग्य उजळलं की ती कस्टम राहत नाही.

ल आणि श

फॉन्ट मिळाला म्हणून मराठी मिळाली असं नाही. हिंदी पुस्तकातला ल आणि आपल्या पाटीवरचा ल वेगळा. हिंदीचा दांड्याचा, आपला पाकळ्यांचा. श चंही तसंच. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी कोणते आकार वापरायचे ते ठरवून दिलं. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल चा कोड एकच आहे. कोणता आकार दाखवायचा हे फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टला ते ठरवायला मजकुराची भाषा कळावी लागते. ज्या फॉन्टमध्ये ही सोय आहे तो ‘मराठी’ असं कळल्यावर पाकळ्यांचा ल काढतो, नाहीतर दांड्याचा.

अँड्रॉइड ४.२ पासून मजकुराच्या चौकटीला भाषा सांगता येते, पण तेव्हा ती सांगायची कोडमधून. म्हणून मी माझ्या घटकात अजूनही एक ‘मजकूरभाषा’ गुणधर्म ठेवतो, गृहीत मूल्य मराठी. दहा ओळींचं काम आहे. मी पुण्यात ज्या ॲपवर काम करत होतो, तिथे मला विचारलं गेलं, की वाचता येतंय ना, मग हा खटाटोप कशाला? वाचता येतं हे खरंच आहे. पण नुकतंच अक्षर गिरवायला लागलेलं पोर पाटीवर एक ल शिकतं आणि बापाच्या फोनवर दुसरा बघतं. तेव्हा गोंधळतं ते पोर, ॲप नाही.

ॲ, दोनदा

आता मुख्य गोष्ट. ‘ॲप’ हा शब्द नीट बघा. अ वर अर्धचंद्र. युनिकोडमध्ये सुरुवातीपासून ऍ होता, म्हणजे ए वर अर्धचंद्र. मराठी माणसानं तो कधी मनापासून घेतला नाही. आपण अ लाच अर्धचंद्र दिला. म्हणजे वर्ध्याची समिती जे सांगत होती तेच: नवा आवाज आला, नवं अक्षर कशाला, अ ला नवा गुणधर्म द्या. अि, अु, अे गेले. ॲ राहिला. त्याला एप्रिल २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये स्वतःचा कोड मिळाला, आणि त्याच जुलैत आयफोनचं ॲप स्टोअर उघडलं. शब्द लिहायला अक्षर अगदी वेळेवर पोचलं म्हणायचं! शासनाच्या २००९ च्या निर्णयात ॲ वर्णमालेतही आला.

पण तोपर्यंत लोक काय करत होते? अ टाइप करून त्यावर अर्धचंद्राचं चिन्ह. आजही अनेक कीबोर्डवर लोक तसंच करतात. म्हणजे ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो: एका कोडचा आणि दोन कोडचा. डोळ्याला फरक शून्य. संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनमध्येही ती एक होत नाहीत.

हे फक्त अभ्यासापुरतं नाही, मंडळी. एका आरोग्यविषयक ॲपच्या कामात मी हे डोळ्यांनी पाहिलं, नाव घेत नाही. चाचणीसाठी भरलेल्या रुग्णाच्या नोंदीत ‘ॲलर्जी’ होतं, दोन कोडच्या ॲनं. शोधाच्या चौकटीत ‘ॲलर्जी’ टाइप केलं, एका कोडच्या ॲनं. उत्तर आलं: काही सापडलं नाही. आता विचार करा, समोर रुग्ण आहे, इंजेक्शन भरलेलं आहे, आणि स्क्रीन सांगते की ॲलर्जीची नोंद नाही. स्क्रीन खोटं बोलत नाहीये. तिला दोन शब्द एकच आहेत हे कोणी सांगितलेलंच नाही.

तिथे आम्ही शोधाच्या चौकटीला एक कस्टम गुणधर्म जोडला: ‘एकरूप’, प्रकार हो-नाही, गृहीत मूल्य हो. तो चालू असेल तर टाइप केलेला अ अधिक अर्धचंद्र एका कोडच्या ॲमध्ये बदलतो, आणि अ अधिक काना असं कोणी लिहिलं असेल तर त्याचा आ करतो. आ साठी तर युनिकोडचा नियमच आहे की वेगळा कोड वापरा, जोडून लिहू नका.

पण गुणधर्माची मर्यादाही सांगतो. तो फक्त त्या चौकटीपुरता असतो. आधीच साठवलेल्या नोंदी, दुसऱ्या यंत्रणेतून आलेल्या याद्या, त्यांना तो हात लावत नाही. म्हणून तीच बदलाबदल डेटाबेसमध्येही करावी लागली, जुन्या नोंदींसकट. स्क्रीनवरचा गुणधर्म हा दारावरचा पहारेकरी. घरात आधीच शिरलेल्यांचं त्याच्या हातात काही नसतं.

आज काय उरलं

२०२१ मध्ये गूगलनं जेटपॅक कंपोज पक्कं केलं. त्यात ‘ॲटर्स’ फाइल लागत नाही. घटक म्हणजे फंक्शन, गुणधर्म म्हणजे त्याचे पॅरामीटर. जाहीर करणं आणि वाचणं एकाच ठिकाणी आलं, त्यामुळे न वाचलेल्या गुणधर्माची भानगड बरीच कमी झाली. नवीन मुलांना कदाचित ‘डिक्लेअर-स्टाइलेबल’ लिहावंच लागणार नाही. पण जुनी ॲप अजून तशीच चालू आहेत आणि त्यांची डागडुजी कोणाला तरी करायची आहे.

पद्धत बदलली तरी प्रश्न मात्र तोच राहतो. मूळ घटक करणाऱ्याच्या यादीत आपली गरज नसते, कारण त्याला ती माहीतच नसते. पाकळ्यांचा ल असो की अ वरचा अर्धचंद्र, ती यादीत घालायचं काम ती भाषा वाचणाऱ्यालाच करावं लागतं. आणि घातल्यावर ती समोरून वाचली जातेय का हे तपासायलाही त्यालाच थांबावं लागतं.

तर आज एक काम करा. तुम्ही जे मराठी ॲप करता किंवा वापरता, त्यात शोधाच्या चौकटीत ‘ॲ’ असलेला एखादा शब्द दोन्ही प्रकारे टाइप करून बघा. एकदा कीबोर्डवरचा अख्खा ॲ, एकदा अ आणि वर अर्धचंद्र. दोन वेळा वेगळं उत्तर आलं तर ॲप करणाऱ्यांना कळवा. पत्र मराठीतच लिहा.

पुढच्या भागात पवनारच्या विनोबांची लोकनागरी थोडी निवांत बघू, जोडाक्षरं कीबोर्डवर कशी बसली त्या गोष्टीसोबत. तोपर्यंत सावंगी (मेघे)हून नमस्कार. कंसासकट.